खळ्यावर आखलेली होडी

मुंबई, कुलाबा
८ ऑक्टोबर २०२३

सौ. रखमास,

परवा फोनवर तू ओरडत होतीस, मी ओरडत होतो, आणि जेवणखाण नि भाताची कापणी यापुढे आपली गाडी गेली नाही. लग्नापासून आपण कागदावरच बोलत आलो. फोन आले तरी माझी जीभ काही त्याला सरावली नाही. म्हणून लिहितो.

जानेवारीअखेर मी रिटायर होतो. आमच्या होड्यांच्या क्लबात नोकरी संपवून जाणाऱ्या माणसाला भिंतीवरचं घड्याळ देतात. मी सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं, साहेब, माझ्या घरी तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगळी वेळ दाखवतात, त्यात चौथं कशाला? त्यापेक्षा शेडमधली एखादी जुनी होडी द्या. साहेब हसले. मला वाटलं विषय संपला. पण कमिटीने खरंच ठराव केला. यंदा तीन जुन्या शिडाच्या होड्या क्लब काढून टाकतोय. त्यातली एक मी निवडायची, उरलेल्या मेंबर लोक घेतील.

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या होड्या पाण्यात ढकलल्या आणि बाहेर ओढल्या. आता स्वतःची ढकलणार. ठेवायची सोयही झाली. दासगावचा चांगू आमच्याकडे बोटमन होता, त्याची सावित्री नदीच्या काठाला जागा आहे. भरतीचं पाणी तिथवर येतं आणि दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो. वाडीवरून एसटीने आठवड्यातून दोनदा जाईन म्हणतो.

आता होड्या. एक अकरा फुटी, एका माणसाची. दुसरी पंधरा फुटी, दोघांची, फार तर तिसरा. तिसरी बावीस फुटी, तिला आत दोघांना आडवं होण्यापुरती बुटकी खोलीसुद्धा आहे. तिन्ही जुन्या, पण तिन्हींना दरवर्षी मीच घासून रंग दिलाय, त्यामुळे कुठे काय कुजलंय ते मला पाठ आहे.

माझं मन अकरा फुटीवर आहे. क्लबात मी एक गोष्ट बघितली. माणूस छोटी होडी घेतो आणि रोज पाण्यात असतो. मग त्याला मोठी हवीशी वाटते. मोठीला माणसं लागतात. एक गावाला गेला, दुसऱ्याच्या मुलीची परीक्षा आली, की होडी ताडपत्रीखाली. आणि जुनी होडी नुसती उभी राहिली की फार लवकर बिघडते. मला साठाव्या वर्षी कुणासाठी खोळंबून राहायचं नाही. मनात आलं, शीड चढवलं, निघालो.

डिसेंबरच्या आत सांगायचं आहे. तुझं काय म्हणणं?

सहदेव


वरची वाडी, ता. पोलादपूर
२० ऑक्टोबर

ऋत्विकच्या बाबांना रखमाचा नमस्कार.

रिटायर होणार हे वाचून आनंद झाला, तो जेमतेम एक ओळ टिकला. त्यापुढे होडी सुरू झाली ती सहीपर्यंत होडीच. भात कसा आला, माझा गुडघा कसा आहे, बिरवाडीला ऋत्विकची खोली बदलली की नाही, एक अक्षर नाही.

तीस वर्षं एका माणसाच्या खाटेवर झोपलात, एका माणसाचा डबा खाल्लात. आता कायमचे घरी येताय, तर येताना एका माणसाची होडी घेऊन येताय. मला वाचून राग आला. राग आला की मी लिहून टाकते, हे तुम्हाला नवीन नाही.

बरं, माझं सोडा. भावकीचं काय? किशोरची पिकअप आली तेव्हा अख्खी भावकी तिच्यात बसून जननीच्या देवळापर्यंत गेली होती. गोमाजीभावोजींच्या नातवाने ट्रॅक्टर घेतला तेव्हा मडगार्डवर म्हाताऱ्या बसल्या होत्या. घरात चाकाचं काही आलं की पहिली बैठक भावकीची. होडीला चाक नसलं म्हणून काय झालं? भावोजींना मी सांगितलं, तर ते म्हणाले, "आख्खी भावकी बसाय नाय आली तर ती होडी कसली गो? सहदेवला लिही, मोठी घे म्हणावं."

मग त्यांना स्वस्थ बसवेना. मापं पत्रात होतीच. घराचा पाया खणायच्या आधी आपण चुन्याच्या फक्कीने घर आखतो आणि आत उभं राहून बघतो, तसं त्यांनी आपल्या खळ्यावर होडी आखायला घेतली. खळं नुकतंच सारवलेलं, पांढरी फक्की अशी उठून दिसली म्हणून सांगू. बावीस फूट लांब, दोन्ही टोकं निमुळती. रुंदी तुम्ही लिहिली नव्हती ती भावोजींनी मनाने धरली. मग सगळ्यांना आत बसवलं, पंगतीला बसवतात तसं, समोरासमोर दोन ओळी. सुंदराबाई जाऊ चहा घेऊन आल्या तर त्यांना वाढायला मधून वाट सोडली. एवढं होऊन टोकाला दोन पोरं मावत होतीच.

तेव्हा बावीस फुटी घ्या. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे.

गुडघा बरा आहे. भात चांगला आलाय.

रखमा


मुंबई, कुलाबा
५ नोव्हेंबर

सौ. रखमास,

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि ठसका लागला. शेजारच्याने पाठीवर थोपटलं. भाताचं विचारायला विसरलो ही चूक झाली. गुडघ्याला तीळतेल लाव.

गोमाजीदादांना सांग, होडी म्हणजे पंगत नव्हे. तुम्ही जिथे चहा वाढायला वाट सोडलीत तिथे डोलकाठी असते. डोलकाठीला खाली एक आडवी काठी असते, तिला शीड बांधलेलं असतं. होडी वळली की ती आडवी काठी या बाजूहून त्या बाजूला सपकन जाते, आणि जाताना कुणाचं डोकं आहे ते बघत नाही. प्रत्येकाने वाकायचं आणि सरकून दुसऱ्या बाजूला बसायचं. नाहीतर होडी कलंडते. खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला, एक बांबू आडवा बांधा आणि फिरवून बघा. मग भावकी किती मावते ते कळवा.

बावीस फुटीचं आणखी सांगतो. तिच्या पोटाखाली जड कणा आहे, कायमचा. दासगावला ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे ती कलून पडेल आणि पुढची भरती येईपर्यंत चांगूला शिव्या देत बसावं लागेल. होडी दुप्पट लांब झाली की काम दुप्पट होत नाही, चौपट नि पाचपट होतं. शीड मोठं, दोर जाड, घासायला रंगवायला महिना. वरची फळी एका जागी पायाखाली दबते, म्हणजे आतून गेली आहे. मेंबर लोकांनी हौसेने घ्यावी. मला ती झेपायची नाही आणि तिला मीही पुरायचा नाही.

पंधरा फुटी चांगली आहे. तिच्या पोटाखालची मधली फळी वर ओढून घेता येते, चिखलात त्रास नाही. पण तिला दुसरं माणूस हवं, जे वाऱ्यासरशी जागा बदलेल. ते मी कुठून आणू? ऋत्विकला शिफ्ट असते. चांगूची कंबर गेली आहे. तुला तर पाण्याचं वावडं. घारापुरीच्या लाँचवर तू कठडा धरून डोळे मिटलेस ते धक्का येईपर्यंत उघडले नाहीस, मी विसरलेलो नाही. तू आपली काठावर सावलीत बस. मी एक फेरी मारून येतो, मग सोबत वडापाव खाऊ.

दिवाळीला येता येत नाही. पावसानंतर होड्या पाण्यात उतरायचे हेच दिवस.

सहदेव


वरची वाडी
१८ नोव्हेंबर

ऋत्विकच्या बाबांना रखमाचा नमस्कार.

मेढीला बांबू बांधला. पहिल्याच फेरीत गोमाजीभावोजींची टोपी उडून गोठ्यात गेली, दुसऱ्या फेरीत सुंदराबाई जाऊ हसता हसता आखलेल्या होडीबाहेर पडल्या आणि सगळ्यांनी बुडाली बुडाली म्हणून आरडाओरडा केला. एकाच वेळी सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं, ते आपल्या भावकीला गेल्या शंभर वर्षांत जमलं नाही, परवा तरी कुठून जमणार? तेव्हा भावकीचं म्हणणं मागे घेतलं आहे. भावोजी म्हणतात, आम्ही काठावरूनच बघू.

तुम्हाला हवी ती घ्या. छोटी हवी तर छोटी घ्या. माझं काही म्हणणं नाही.

तीळतेल लावलं.

रखमा


मुंबई, कुलाबा
२७ नोव्हेंबर

सौ. रखमास,

तुझं पत्र मिळालं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. भावकीला समजावणं हे मला सेक्रेटरीला समजावण्याहून अवघड वाटत होतं, ते बांबूने एका दिवसात केलं.

तुझी हरकत नाही असं कळल्यावर मी शुक्रवारीच अकरा फुटीसाठी सही केली. पंधरा फुटीला प्रियदर्शिनी नावाच्या एका नव्या मेंबरबाईंनी नाव लावलंय, दातांच्या डॉक्टर आहेत, पोरसवदा. बावीस फुटीला तिघा मित्रांनी मिळून. एकूण सगळं मार्गी लागलं.

काल होडी उलटी करून बुडाचा रंग खरवडायला घेतला. इतकी हलकी आहे की मी एकटा तिला फिरवू शकतो. लहान पोराला कडेवर घ्यावं तसं वाटतं. तू बघशील तेव्हा तुलाही पटेल.

खूष आहे,
सहदेव


वरची वाडी
६ डिसेंबर

ऋत्विकच्या बाबांना,

सही केलीत? मी "माझं काही म्हणणं नाही" असं लिहिलं आणि तुम्ही ते खरं धरलंत? तीस वर्षं माझी पत्रं वाचताय ना? आता पुढचं उभ्याने वाचू नका. कुठेतरी टेका.

मला पाण्याचं वावडं नाही. माझं माहेर सावित्रीच्या काठावर. पोलादपूरच्या वरच्या डोहात मी भावांच्या बरोबरीने पोहायची, लग्नाला महिना राहिला तोवर. आईने मग बंद केलं, म्हणाली सासरी कळलं तर काय म्हणतील. सासरी कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. डोंगरावरच्या वाडीत विहिरीवर उतरण्यापलीकडे पाण्याशी संबंध तरी कुठे येणार?

आणि ती घारापुरीची लाँच. मला उलट्या होत होत्या, डोळे उघडले की सगळं फिरत होतं. तुम्ही तुमच्या खोलीवरच्या मित्रांसमोर हसून म्हणालात, डोंगरातली माणसं ही, यांना पाण्याचं काय. मी तोंडाला पदर लावून बसले. गावी परत आल्यावर सासूबाईंनी ओळखलं. तो ऋत्विक होता. बातमी मी तुम्हाला पत्राने कळवली, तुम्ही पेढे वाटलेत, पण लाँचवरचा त्रास कशाचा होता ते तुम्ही कधी जोडलंच नाही. मला वाटायचं, कधीतरी जोडतील.

अजून ऐका. भावकी गेली तरी मेढीचा बांबू मी सोडला नाही. फोनवर ऋत्विकला विचारून पंधरा फुटीची रुंदी काढली, त्याने मोबाइलवर बघून सांगितली. दुसऱ्या दिवशी मी ती होडी आखली. एकटीने. पुढे एक पाट, मागे एक पाट. संध्याकाळी गुरं बांधली की मी पुढच्या पाटावर बसते, हाताने बांबू ढकलते, वाकते आणि पलीकडे सरकते. पहिले दोन दिवस कपाळाला लागलं. आता लागत नाही. सुंदराबाई जाऊ कुंपणावरून बघतात आणि काही बोलत नाहीत, म्हणजे वाडीभर सांगून झालं असणार.

मोठी होडी मला भावकीसाठी हवी होती असं नव्हे हो. मोठी आली असती तर एवढी माणसं बसणार, त्यात मला आपोआप जागा मिळाली असती. मागावी लागली नसती. मला मागता येत नाही. सासूसासऱ्यांची दुखणी, शेती, पोराची शाळा, हे सगळं मी न मागता केलं, तसं वाटलं हेही न मागता मिळेल.

तर आता मागते. मला तुमच्याबरोबर त्या होडीत बसायचं आहे. एका माणसाची आणायची असेल तर आणा, सही झालीच आहे. पण काठावर सावलीत बसून तुमची वाट बघणारी मी नाही. वाट बघून झाली माझी.

रखमा


मुंबई, कुलाबा
२२ डिसेंबर

सौ. रखमास,

टेकलो होतो. त्याच उलट्या होडीवर बसून वाचलं, दोनदा. मग खरवडणी तिथेच टाकली आणि सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, बदलायला काही हरकत नाही, पण पंधरा फुटी डॉक्टरबाईंच्या नावावर लागली आहे, त्या सोडत असतील तर बघा.

आता त्यांना कसं सांगायचं? मी सरळ सांगणारा माणूस नव्हे. म्हणून रविवारी त्यांना म्हटलं, मॅडम, नाव लावलंय खरं, पण एकदा चालवून तर बघा. वारा चांगला जोरात होता. त्या एकट्या पंधरा फुटीत, मी मागे मदतीच्या बोटीत. दुसऱ्या वळणाला होडी आडवी झाली आणि बाई पाण्यात. जॅकेट होतं, पोहायलाही येतं, काळजीचं काही नव्हतं. पण होडी उभी करायला त्या पोटाखालच्या फळीवर लोंबकळल्या तरी होडी हलेना, अंगात वजनच नाही. मी जाऊन सरळ केली. मग म्हटलं, आता ती छोटी बघा. छोटीही आडवी झाली, पण त्यांनी एका हिसक्यात ती उभी केली, वर चढल्या आणि ओल्या केसांनी हसत हसत दोन फेऱ्या जास्त मारून आल्या.

किनाऱ्यावर चहा पिताना मला राहवेना. तुझं पत्र दाखवलं नाही, पण त्यातलं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "काका, हे आधी सांगायचंत ना. मी पाण्यात तरी पडले नसते." मग स्वतःच जाऊन नाव बदलून आल्या. त्यांना खरंच छोटी आवडली आहे, माझ्यासाठी म्हणून नव्हे. प्रत्येकाचं माप वेगळं असतं हे मी लोकांना तीस वर्षं सांगत आलो आणि घरच्या मापाला चुकलो.

तर पंधरा फुटी आपली. पुढच्या टोकाला, नाळेजवळ, एक जुनं ठिगळ आहे ते पक्कं आहे. सुकाणूचा दांडा बदलायला हवा, तो मी सागाचा करतोय. शीड दोन ठिकाणी विरलंय, शिवून घेईन. बाकी ठणठणीत.

त्या लाँचवर आपण तिघं होतो हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आठवडाभर मी येताजाता हसतोय, आणि शेडमधले लोक मला वेड लागलं म्हणतात. तू डोहात पोहायचीस, आणि मी तुला वडापाव देऊन काठावर बसवणार होतो.

एक काम कर. छातीचं माप कळव, जॅकेट घ्यायचं आहे.

सहदेव


वरची वाडी
४ जानेवारी २०२४

ऋत्विकच्या बाबांना रखमाचा नमस्कार.

माप कळवा म्हणे. पोस्टमनने वाचलं असतं म्हणजे? मधल्या मापाचं आणा आणि पट्टे लांब असू द्या.

पत्र वाचलं तेव्हा मी अंगणात वाल सोलत होते. सुंदराबाई जाऊ समोर होत्या. मला हसू आलं आणि रडूही आलं, तर त्या घाबरल्या, काय झालं गो म्हणून जवळ आल्या. सांगितल्यावर म्हणाल्या, "मला ठाव हाय. तू रोज येकलीच होडी चालवतीस." मग आम्ही दोघी हसलो. वालाच्या शेंगा सगळ्या अंगणभर झाल्या.

त्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. दासगावला आल्या तर मी त्यांना कडव्या वालाची उसळ करून घालीन, त्यांच्या अंगात थोडं वजन येऊ दे.

रंग हिरवा देऊ नका, इथे सगळंच हिरवं असतं, पावसाळ्यात शोधत बसावं लागेल. पिवळा द्या. आणि पुढे कोण, मागे कोण, हे आल्यावर ठरवू. मी खळ्यावर दोन्ही पाटांवर बसून पाहिलं आहे.

गोमाजीभावोजींचा निरोप: होडी आधी वाडीवर आली पाहिजे. दासगावच्या पाण्यात मग. "पाण्यात आमी बसत नाय, पन बसल्याबिगर सोडत बी नाय," असं त्यांचं म्हणणं. तुम्ही वाद घालू नका. किशोर पिकअप घेऊन मुंबईला येतोच आहे.

यंदा मी तुम्ही येईपर्यंतचे दिवस मोजत नाही. खूप कामं आहेत.

रखमा


मुक्काम ओटी
१२ फेब्रुवारी

सौ. रखमास,

तू आत चुलीपाशी आहेस आणि मी इथे ओटीवर. पोस्टाची गरज नाही. पण घरी आल्याला दहाबारा दिवस झाले तरी मला बोलता येईना, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. काल पाण्यावरसुद्धा फक्त दोर ओढ नि दोर सोड एवढंच म्हणालो. बाकीचं इथे लिहितो.

परवा होडी पिकअपवरून घाट चढून वर आली आणि देवळासमोर उभी राहिली, तेव्हा मी लाजलो होतो. क्लबातल्या माणसांनी बघितलं असतं तर म्हटलं असतं, डोंगरावर कशाला? पण मग ती खळ्यावर उतरवली आणि दादांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे आळीपाळीने आत बसले, दादांनी टोपी सांभाळत वाकून दाखवलं, आणि मला वाटलं, क्लबात इतकं हसून कुणी होडीचं स्वागत केलेलं मी बघितलं नाही. ऋत्विकने शिफ्ट बदलून घेतली होती हेही मला तेव्हा कळलं.

काल दासगावला चांगूने आपल्याला ढकललं तेव्हा मला भीती वाटत होती. तुझी नव्हे, माझी. तीस वर्षं मी मेंबरांना शिकवलं, बायकोला शिकवायचं म्हटलं तर काय बोलू, चुकलीस तर ओरडेन का, तू रुसशील का. खाडीवरून वारा आला आणि मी वळायला दांडा फिरवला. 'वळतोय' म्हणायला तोंड उघडलं, तर तू वाकून पलीकडे जाऊन बसलीसही होतीस. होडी सरळ झाली. मी तुझ्याकडे बघत राहिलो आणि शीड फडफडायला लागलं, तेव्हा तू मला म्हणालीस, "समोर बगा की."

मग पुलाच्या अलीकडे तू माझी जागा मागितलीस. मी पुढे येऊन बसलो. सागाचा दांडा तुझ्या हातात, पदर खोचलेला, वर नारिंगी जॅकेट, आणि दर झुळुकीला तू दात घट्ट आवळायचीस. मला करायला काहीच नव्हतं. आयुष्यभर होडीत मी कामाला बसलो. काल मी नुसता बसलो. काठावर भावकी ओरडत होती, ती हळूहळू लहान झाली, आणि पलीकडे आपले डोंगर दिसले. पाण्यातून ते मी कधी बघितले नव्हते.

त्या वेळी म्हणायचं होतं ते हे. मी फार सुखात आहे, रखमा. क्लबात लोक मला विचारायचे, सहदेव, बरोबर मापाची होडी कशी ओळखायची? मी लांबी, वजन, शीड, असं सगळं सांगायचो. यापुढे कुणी विचारलं तर सांगेन, आधी घरी विचारा.

हे पत्र तुझ्या पाटाशेजारी ठेवतो.

सहदेव


(याच कागदाच्या मागे)

पत्र मिळालं. तुम्ही ते ठेवून मुद्दाम खोकलात तेव्हाच पाहिलं, पण हात पिठाचे होते.

वाचलं. मीही सुखात आहे. काल घरी आल्यावर हात दुखत होते आणि मला ते दुखणं थांबू नयेसं वाटत होतं.

आता माझं ऐका. तुम्ही तिथे, मी इथे, मध्ये एक उंबरा. एवढ्याशा अंतराला कागद नको. आत या, माझ्यासमोर बसा आणि हे सगळं परत तोंडाने सांगा. अडखळलात तरी चालेल. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत मी थांबेन.